नाक धरायची रीत

आकाराम गुरुजींच्या चौथीच्या वर्गात नाक धरायची रीत होती. गुरुजींनी तोंडी गणित घालायचं, सगळ्या वर्गानं रांगेत उभं राहायचं, ज्याला पहिल्यांदा उत्तर येईल त्यानं सांगायचं आणि मग रांगेच्या एका टोकापासून सुरुवात करायची. डाव्या हाताच्या चिमटीत समोरच्याचं नाक धरायचं आणि उजव्या हातानं त्याच्या गालावर एक ठेवून द्यायची. आवाज आला पाहिजे, ही अट. आवाज आला नाही तर गुरुजी मारणाऱ्यालाच पुढं बोलवत आणि कसं मारायचं ते त्याच्याच गालावर करून दाखवत. एकदा दाखवलेलं सहसा कुणी विसरत नसे.

ही रीत काही गुरुजींनी शोधून काढलेली नव्हती. त्यांच्या गुरुजींची होती, त्यांच्याही आधीच्यांची असेल. उंब्रजपासून दीड कोसावरच्या त्या गावात ज्यांची ज्यांची शाळा झाली होती त्या सगळ्यांचं नाक कधी ना कधी धरलं गेलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनात येत नव्हतं. उलट सहा वर्षांत या एवढ्याशा शाळेची तीन पोरं स्कॉलरशिपच्या यादीत लागली, ती या रीतीमुळंच, अशी गावाची पक्की समजूत होती. गुरुजींचीही होती. ते मूळचे कडेगावचे. लहानपणी ते नाकं धरणाऱ्यांतले होते, धरून घेणाऱ्यांतले नव्हते. रांग त्यांनी सदा एकाच बाजूनं पाहिली होती. दुसऱ्या बाजूनं ती कशी दिसते याची त्यांना कल्पना नव्हती, आणि ती करून बघावी असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या त्या वर्षी चौथीत दोन सख्ख्या बहिणी होत्या. धाकटी विजयमाला, नऊ वर्षांची. थोरली धोंडुबाई, बाराची. थोरलीला आजीचं नाव मिळालं होतं आणि आजीचा संथपणाही. बाप मानसिंग फौजेत, जम्मूकडं. आई बनुबाई रानात. धाकटा भाऊ झाला तेव्हा त्याला सांभाळायला धोंडूला तीन वर्षं घरी ठेवली, म्हणून ती मागं राहिली आणि बहिणीच्या वर्गात येऊन बसली. मानसिंगनं पत्रातून बजावलं होतं की दोघींना चौथी पास होऊ द्या, मग दोघी मिळून चालत उंब्रजच्या शाळेला जातील. एकट्या पोरीला उसाच्या रानातून दीड कोस पाठवायची नाही, त्यापेक्षा घरी बसलेली बरी. म्हणजे धोंडू पास झाली तर दोघींची शाळा पुढं चालणार होती, आणि नापास झाली तर दोघींची संपणार होती. हे बनुबाईला ठाऊक होतं, गुरुजींना ठाऊक होतं आणि त्या दोघींना तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

विजयमाला पाण्यासारखी होती. गणित गुरुजींच्या तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत तिचा हात वर जाई. त्या वर्षीची स्कॉलरशिप हिचीच, असं गुरुजी उंब्रजच्या बैठकीत दोन गुरुजनांना सांगूनही आले होते. धोंडूचं तसं नव्हतं. तिला गणित यायचं नाही असं नाही; यायचं, पण पायी यायचं. ती ओठ हलवत एकेक पायरी चढत असायची आणि निम्म्यावर पोचते न पोचते तोवर कुणीतरी उत्तर देऊन मोकळं झालेलं असायचं. मग तिचं वर चढणं तिथंच थांबायचं आणि ती मुकाट्यानं नाक पुढं करायची. सहा महिन्यांत तिला एकदाही शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ दिलं नव्हतं, आणि तिला काही येत नाही असा शिक्का मात्र मारून झाला होता. माझं विचाराल तर हा शिक्का मारणाऱ्यांनाच रांगेत उभं करायला हवं होतं.

संक्रांतीच्या आधी धोंडूचं नाक टोचलं. डाव्या नाकपुडीत कडुलिंबाची बारकी काडी घातली होती आणि नाक चांगलंच सुजलं होतं. गुरुजींच्या ते नजरेस पडलं नाही असं म्हणता येणार नाही. नजरेस पडलं, पण रांगेत तीसेक नाकं असताना एका नाकाचा वेगळा विचार करायची त्यांना सवय नव्हती.

"एका मोळीत चौदा ऊस," गुरुजी म्हणाले. "अशा पंचवीस मोळ्या. ऊस किती?"

"साडेतीनशे!" विजयमालानं हात वर करता करताच सांगितलं.

बाकी कुणाला आलं नव्हतं. धोंडू वीस मोळ्यांचे दोनशेऐंशी करून पुढच्या पाचांकडं निघाली होती, तिथंच अडली. विजयमाला रांगेच्या टोकाला गेली आणि एकेक नाक धरत, आवाज काढत पुढं सरकू लागली. बहिणीच्या समोर आल्यावर मात्र तिचा हात थांबला. दोघी एकाच वाकळेत झोपायच्या. रात्री कूस बदलताना धोंडू कशी कळवळते ते विजयमालाला ठाऊक होतं. तिनं उजव्या नाकपुडीला नुसतं बोट लावलं आणि गालावरून हात फिरवल्यासारखा केला. पोरं फिदीफिदी हसली.

"हिकडं ये," गुरुजी म्हणाले.

त्यांनी तिला करून दाखवलं. तिच्या गालावर बोटं उठली. वर्गातल्या सगळ्यांत हुशार पोरीलाही सूट नाही, याचा गुरुजींना त्या क्षणी थोडा अभिमानच वाटला.

"आता नीट धर. नीट मार."

विजयमाला परत बहिणीसमोर उभी राहिली. धोंडू अगदी हळू, तिच्यापुरतं म्हणाली, "मार विजे. दुखत न्हाई."

विजयमालानं नाक धरलं आणि मारली. आवाज आला. काडीपाशी रक्ताचा एक थेंब उभा राहिला आणि ओघळून वरच्या ओठावर आला. धोंडूनं तो परकराच्या काठाला पुसला आणि ती समोर बघत उभी राहिली. मार खाल्लेली रडली नाही. रडली ती विजयमाला, आणि ती शाळा सुटेपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवसापासून विजयमालाला काहीही येईनासं झालं. साधं सात आठे छप्पन्नही येईना. गुरुजी विचारत, ती मान खाली घालून म्हणे, "न्हाई येत." कुणी एक चलाख पोरगा उत्तर देई, आणि विजयमाला बहिणीच्या शेजारी उभी राहून नाक पुढं करी. पाटीवर मात्र ती सगळी गणितं बिनचूक सोडवायची. गुरुजींचं डोकं फिरलं. स्कॉलरशिपची परीक्षा महिन्यावर आली होती. एका दुपारी त्यांनी तिला एकटीलाच थांबवून घेतलं.

"पाटीवर येतं, मग तोंडानं का येत न्हाई?"

ती पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन उकरत राहिली.

"बोल की."

"मला आलं तर आक्काला मारायला लागतं," ती म्हणाली.

इतकं उघड, इतकं सरळ कुणी क्वचितच सांगतं. नऊ वर्षांच्या पोरीनं सगळा दोष गुरुजींच्या हातात आणून ठेवला होता. तो घ्यायला त्यांनी फक्त मूठ मिटायची होती. पण चांगला शिक्षक म्हणवून घ्यायची सवय लागली की माणसाचे कान हळूहळू जड होत जातात. गुरुजी म्हणाले, "मग आक्काला सांग, अभ्यास कर म्हणावं." आणि त्यांनी तिला घरी धाडलं.

विजयमालानं निरोप शब्दशः पोचवला. सोमवारपासून धोंडू शाळेत आली नाही.

आणि विजयमालाचा हात पुन्हा वर जाऊ लागला. आवाजात पूर्वीची उडी नव्हती, पण उत्तरं चोख होती. ती कोरड्या चेहऱ्यानं रांगेतून जायची, सगळ्यांची नाकं सारखी धरायची, सगळ्यांना सारखं मारायची. गुरुजी खूष झाले. ही गोष्ट पुढं त्यांना फार लागली, की धोंडूची जागा रिकामी होती आणि ते खूष होते. परीक्षा झाली, पेपर चांगले गेले, निकाल जूनमध्ये लागायचा होता. तेव्हा कुठं त्यांना पटावरच्या गैरहजेरीची आठवण झाली आणि एका सकाळी ते बनुबाईच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

बनुबाई भाकरी थापत होती. तिनं पदर सावरला आणि धोंडूला पाणी आणायला सांगितलं.

"आवं गुरुजी, तिचं तीच म्हनली, आता न्हाई जायाचं. मी तर लय समजावलं. म्हनलं, बापाला काय सांगू? तर म्हनती, माज्या डोस्क्यात जात न्हाई म्हून सांग." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आता विजीचंबी हितंच थांबलं बगा. येकटी पोर कशी धाडू?"

धोंडू तांब्या घेऊन आली. नाकातली काडी गेली होती आणि तिथं एक बारकी गाठ राहिली होती.

"का गं, शाळा का सोडलीस?" गुरुजींनी विचारलं.

तिनं आईकडं बघितलं. बनुबाई चुलीकडं वळली तेव्हा ती बोलली. "मी वर्गात असलं की विजी त्वांड उघडत न्हाई, गुरुजी. मी नसलं की उघडती. तिची परीक्षा हुती न्हवं."

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला. ते म्हणाले, "बरं, तू ये. तुझं नाक कुणी धरणार न्हाई. तुला सूट."

तिनं नाही म्हणून मान हलवली. वय बारा, पण नजर मोठ्या बाईसारखी. "मग समदी म्हनतील, ठोंब हाय म्हून सोडली. त्यापरीस घरी बरी."

गुरुजी परत आले ते चिडूनच. सूट देऊनही येत नाही म्हणजे काय, असं ते स्वतःशी म्हणत राहिले. पण राग धड टिकेना. त्यात कुठंतरी ओळखीचं काहीतरी होतं आणि ते नेमकं काय, हे त्यांना सापडत नव्हतं.

शिवरात्रीला ते कडेगावला घरी गेले. थोरला भाऊ नाथाजी रानात शाळू काढत होता. नाथाजी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण वडिलांनी, आबांनी, दोघांचं नाव एकाच दिवशी शाळेत घातलं होतं. नाथाजीनं चौथीतनंच शाळा सोडली आणि आकाराम शिकून मास्तर झाला. नाथाजीला पाटीपेक्षा बैलांचा नाद, ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की पाहुणेही ती सांगत.

गुरुजींनी सदरा काढून ठेवला आणि तेही ज्वारीची ताटं उपटायला लागले. दुपारी दोघं बांधावरच्या बाभळीखाली भाकरी खायला बसले.

"दादा," गुरुजी म्हणाले, "तू शाळा का सोडलीस?"

नाथाजी हसला. "आज काय रं हे नवीन? बैलाचा नाद म्हून सोडली. समद्या गावाला ठावं हाय."

"खरं सांग."

नाथाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, कांद्याबरोबर खाल्ला, पाणी प्याला.

"बैलाला मी भ्यायचो, आकाराम," तो म्हणाला. "पैलं सालभर दावणीजवळ जाताना पाय लटपटायचं. आबा मागं हुबं, म्हून जायाचो."

गुरुजींनी भाकरी खाली ठेवली.

"मी तुझं नाक धरायचो म्हणून गेलास?"

"आरं, नाक कोन धरत न्हवतं? वर्गातला शामरावबी धरायचा, दनका घालायचा. त्याचं काय न्हाई." नाथाजीनं धोतराला हात पुसले. "तू लय हळू मारायचास. भाऊ म्हून. समदी पोरं हसायची. आन तू मारताना माज्याकडं बगायचास न्हाई, खाली बगायचास. ते मला सोसवना गड्या. वाटलं, मी नसलो तर ह्यो तरी वर बगंल."

"तू कधी बोलला न्हाईस."

"काय बोलायचं? तूबी पोरच हुतास." तो उठला आणि पुन्हा ओळीला लागला. जाता जाता म्हणाला, "आन मास्तर झालास की. वाया न्हाई गेलं."

बत्तीस वर्षांचा तो शिक्षक बाभळीखाली बसून लहान पोरासारखा रडला. आपल्या मायेचा त्यांना इतकी वर्षं अभिमान होता. इतर भावांसारखं आपण भावाला जोरात मारलं नाही, हे त्यांनी लग्नानंतर बायकोलाही कौतुकानं सांगितलं होतं. हळू मारा नाहीतर जोरात, रांगेत उभं केलेल्या माणसाला ते दोन्हीकडून सारखंच लागतं, हे त्यांना आता कळत होतं. विजयमालाला त्या दिवशी आपण नेमकं काय शिकवलं हेही कळत होतं.

सुट्टी संपल्यावर ते आधी शाळेत गेले नाहीत, बनुबाईच्या रानात गेले. धोंडू आईबरोबर उसाचा पाला काढत होती.

"धोंडू, नाक धरायचं बंद केलं," ते म्हणाले. "तुझं एकटीचं न्हाई. समद्यांचं. कायमचं."

तिनं हातातला पाला खाली टाकला. "मग उत्तर आलं न्हाई तर काय करायचं?"

"यायची वाट बघायची."

या उत्तराचा तिनं बराच विचार केला. तिच्या सगळ्याच विचारांना वेळ लागत असे. मग तिनं विळा आईच्या हातात दिला.

गुरुजींनी वर्गात नवी रीत घातली. गणित सांगायचं, प्रत्येकानं पाटीवर सोडवायचं आणि झालं की पाटी पालथी ठेवायची. शेवटची पाटी पालथी पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांत शेवटी धोंडूची पाटी पडली. तोवर वर्गात चुळबुळ सुरू झाली होती आणि चलाख पोरं पेंगायला लागली होती. गणित होतं, एका सरीत उसाच्या अठरा कांड्या, अशा पंधरा सऱ्यांत किती. गुरुजींनी तिची पाटी उलटून पाहिली. तिनं आधी पंधरा सऱ्या ओढल्या होत्या. पहिल्या दहांपुढं एकशेऐंशी लिहिलं होतं, उरलेल्या पाचांपुढं त्याच्या निम्मं म्हणून नव्वद, आणि खाली दोनशेसत्तर. निम्म्याची ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. गुरुजींना ती पाटी खाली ठेववेना.

गावात बोभाटा झाला की गुरुजी मऊ पडले, आता स्कॉलरशिपा विसरा. गुरुजींनी ऐकून घेतलं. वर्ग पूर्वीइतका झटपट राहिला नाही हे खरंच होतं. पण उरलेल्या दीड महिन्यात आणखी चार-पाच पोरं अशी निघाली की ज्यांच्या पाट्या उशिरा पडत आणि बरोबर असत. गुरुजी त्यांची नावं घरी जाऊन मनात मोजत, आणि आधीच्या सहा वर्षांत अशी किती असतील याचा विचार येऊ लागला की उठून बाहेर जात.

एक मेला निकाल लागला. धोंडुबाई मानसिंग, पास. विजयमाला मानसिंग, पहिली. बनुबाई शाळेच्या दारात उभी होती. तिनं दोन्ही हातांनी दोघींची दृष्ट काढली आणि जम्मूला पत्र लिहून द्या म्हणून गुरुजींना सांगितलं. जूनपासून दोघी उंब्रजला जाणार होत्या. गुरुजींना इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पोरं एकेक करून पाया पडायला आली. विजयमाला वाकली, गुरुजींनी तिच्या पाठीवर थाप दिली, ती हसत बाजूला झाली. मग धोंडू वाकली. ती उठून सरळ उभी राहिली तेव्हा गुरुजींना राहवलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून त्यांनी उजवा हात उचलला.

हात वर जाताच धोंडूनं डोळे मिटले. हनुवटी थोडी वर केली, नाक पुढं केलं, दोन्ही हात बाजूंना सरळ सोडले आणि ती अजिबात न हलता उभी राहिली, रांगेत उभी राहायची तशी. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्गात ती जे शिकली होती त्यातलं हे तिला सगळ्यांत पाठ होतं, आणि हे यायला तिला जराही वेळ लागला नव्हता.

विजयमालाचं हसू मावळलं. तिनं पटकन पुढं होऊन बहिणीचा हात धरला.

"धोंडू," गुरुजी म्हणाले. "मारत न्हाई गं मी."

"व्हय गुरुजी," धोंडू म्हणाली. तिनं डोळे उघडले नाहीत.